स्विफ्टचं सस्पेन्शन, ताम्हिणी घाट आणि रबराचे तुकडे

आमच्या गाडीवाल्या ग्रुपवर दर पावसाळ्याआधी एक मेसेज ठरलेला असतो, "स्विफ्ट घाटात फार लोळते, कोणते स्प्रिंग टाकू?" मग धडाधड उत्तरं. कोणी म्हणतं गाडी खाली बसवणारे लोअरिंग स्प्रिंग टाक, कोणी म्हणतं थेट कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकअपचा अ‍ॅडजस्ट होणारा सेट) घे आणि विषय संपव, एखादा बॉनेटखालच्या लालभडक स्ट्रट बारचा फोटो टाकतो, आणि एक जण हमखास असतो जो साडूच्या गाडीच्या स्प्रिंगमध्ये बसवलेल्या रबरी बफरचं कौतुक सांगतो. टायर कुठल्या सालचे आहेत हे कोणीच विचारत नाही. गाडी किती चाललीये, खालचे बुश (सांध्यांतली रबरं) कधी बदललेत, हे तर लांबच राहिलं.

तर एकदाच सविस्तर लिहून ठेवतो, पुढच्या वेळी नुसती लिंक टाकेन.

माझी गाडी म्हणजे दुसऱ्या पिढीची स्विफ्ट, २०११ साली आलेलं मॉडेल, पेट्रोल व्हीएक्सआय. पुण्यात रोजची ऑफिसची चक्कर आणि जमेल तेव्हा ताम्हिणी, वरंधा, पसरणी, आंबेनळी. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकाच खांबात), मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा, पिळला जाणारा दांडा). आपल्याकडच्या बहुतेक हॅचबॅकना हेच असतं, त्यामुळे खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं बलेनो, आय२०, पोलो, अल्ट्रोज सगळ्यांना लागू पडेल, थोडं इकडंतिकडं.

आधी घाटात होतं काय ते बघू, बारावीच्या फिजिक्समधलंच गणित आहे. समजा एक हेअरपिन, म्हणजे यू आकाराचं वळण आहे, त्याची त्रिज्या १५ मीटर. ताशी ३० ने त्यातून गेलात तर गाडीवर बाजूच्या दिशेने साधारण ०.४७ जी, म्हणजे तिच्या वजनाच्या ०.४७ पट जोर लागतो. हेच ४० ने गेलात तर ०.८४ जी. म्हणजे काट्यावर फक्त १० वाढले आणि टायरकडून मागणी पावणेदोन पटीहून जास्त झाली, कारण तिथे वेगाचा वर्ग येतो. साधा बरा टायर कोरड्या डांबरावर ०.८ ते ०.९ जीपर्यंत धरतो, ओल्या रस्त्यावर बराच कमी, आणि शेवाळ किंवा डोंगरातून वाहून आलेली माती असेल तर विचारूच नका. थोडक्यात जो वेग आपल्याला "आरामात जातोय" असा वाटतो त्याच्या आणि गाडी सरळ दरीकडे जायला लागण्याच्या मधे फार जागा नसते, आणि ती जागा मुख्यतः टायर ठरवतो, स्प्रिंग नाही.

आता दुसरं. वळणात गाडीचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं हे सगळ्यांना माहितीये. किती जातं? समजा गाडी १००० किलोची, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५५ सेंटिमीटरवर, डाव्या उजव्या चाकांत अंतर दीड मीटर, आणि वळण ०.५ जीचं. उत्तर येतं साधारण १८३ किलो. या हिशोबात स्प्रिंगचा कडकपणा कुठेच आलेला नाहीये, बघा परत एकदा. वजन, उंची, रुंदी आणि जी, बस. गाडी तीन अंश झुकली काय किंवा एक अंश झुकली काय, ते १८० किलो पलीकडे जाणारच. कडक स्प्रिंगने ते फक्त लवकर जातील, आणि पुढच्या चाकांवरून किती जायचं आणि मागच्यांवरून किती जायचं याची वाटणी बदलेल. सगळा सस्पेन्शन ट्युनिंगचा खेळ या वाटणीत आहे, आणि दुकानदार विकतो ते झुकणं कमी करायचं औषध.

वाटणी का महत्त्वाची, तर टायरवर वजन दुप्पट केलं म्हणून ग्रिप दुप्पट होत नाही, दुपटीपेक्षा कमी भरते. त्यामुळे ज्या अ‍ॅक्सलवर (म्हणजे पुढच्या किंवा मागच्या चाकांच्या जोडीवर) डावं उजवं वजन जास्त असमान होतं त्या अ‍ॅक्सलची एकूण ग्रिप कमी होते. पुढचा अ‍ॅक्सल जास्त कडक केला की पुढची ग्रिप आधी संपते, स्टिअरिंग फिरवताय पण गाडी सरळच जातेय, यालाच अंडरस्टिअर म्हणतात. मागचा कडक केला की मागची बाजू आधी सुटायला बघते. कंपनी बहुतेक फॅमिली गाड्या मुद्दाम अंडरस्टिअरकडे झुकलेल्या ठेवते, कारण घाबरलेला माणूस आपोआप रेस सोडतो, वजन पुढे येतं आणि गाडी परत लाइनीत येते. मागची बाजू सुटली तर ती आवरायला सगळ्यांना जमत नाही.

झुकण्याने काहीच नुकसान होत नाही असं मात्र माझं म्हणणं नाही. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये (अर्ल मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनियरची ही १९४० च्या दशकातली डोकॅलिटी, स्वस्त, कमी जागेत बसणारी, म्हणून जगभर पसरली) बॉडी झुकली की बाहेरचं चाकही तिच्यासोबत बाहेर कलतं आणि टायर त्याच्या बाहेरच्या कडेवर उभा राहतो. घाटात जास्त चाललेल्या गाड्यांचे पुढचे टायर बघा, बाहेरची कड गुळगुळीत आणि मधली नक्षी शाबूत. शिवाय गाडी डुलत असली की ड्रायव्हरला अंदाज येत नाही, मागे बसलेल्यांना ओकारी येते, आणि एस वळणात एका बाजूचा झोका संपायच्या आत दुसऱ्या बाजूला वळवायला लागलं की गाडी दोन ठोके उशिरा ऐकते. तेव्हा झोका आवरायचाय हे खरं. पण कशाने, हा प्रश्न आहे.

माझ्या मते पहिलं काम गाडीखाली जाऊन रबर बघायचं. कोणाला यात थ्रिल वाटत नाही हे मला कळतं, बुशचा फोटो इन्स्टावर टाकून लाइक मिळत नाहीत. पण सत्तर ऐंशी हजार किलोमीटर चाललेल्या आणि आपल्या रस्त्यांवर चाललेल्या गाडीत लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश, स्टॅबिलायझरचे (झोका आवरणाऱ्या अँटी रोल बारचे) लिंक रॉड, स्ट्रटचं वरचं माउंटिंग आणि त्यातलं बेअरिंग, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, यातलं काही ना काही गेलेलंच असतं. लिंक रॉड गेला की ओळखणं सोपं, सोसायटीच्या गेटवरच्या छोट्या स्पीडब्रेकरवरून हळू जाताना खालून खट खट येतं. स्ट्रटचं बेअरिंग गेलं की जागेवर स्टिअरिंग फिरवताना स्प्रिंग अडकून सुटल्यासारखा टंग आवाज येतो. लोअर आर्मचा मागचा बुश मात्र बोलत नाही. तो हळूहळू फाटतो, आणि मग ब्रेक मारला की चाक थोडं मागे सरकतं, त्यासोबत टो (चाकाचं तोंड आत किंवा बाहेर किती वळलंय ते) बदलतो, गाडी थोडी एका बाजूला बघते, तुम्ही नकळत स्टिअरिंग सावरता, आणि वर्षभरात त्याची इतकी सवय होते की गाडी अशीच आहे असं वाटायला लागतं. घाटात उतरताना ब्रेक मारत वळणात शिरताना जे "गाडीचा भरवसा वाटत नाही" असं लोक म्हणतात ना, त्यातलं निम्मं तरी हे असतं.

मी ज्यांच्याकडे जातो ते काका साठीच्या आसपासचे, पद्मिनीपासून काम करतायत. पहारीसारखा लांब पाना बुश आणि सबफ्रेमच्या मधे घालून त्यांनी आर्म हलवून दाखवला, रबर एका बाजूने लोखंडापासून सुटून पिळल्यासारखं झालं होतं, आत काळी फट दिसत होती. "बघा साहेब, हे असं असताना तुम्ही जर्मनीवरून स्प्रिंग मागवले तरी ते काय करणार?" मी म्हटलं काका, नुसता बुश मिळतो का? म्हणाले मिळतो, पण प्रेसवर दाबून घालायला लागतो, मजुरी आणि वेळ धरला तर अख्खा आर्म बुश आणि बॉल जॉइंटसकट टाकलेला बरा पडतो. नाना पेठेतून दोन्ही बाजूंचे आणले.

पण मुद्दा तो नाही, मुद्दा पुढचा आहे आणि तो तुमच्या मेकॅनिकला आवर्जून सांगा. आर्म बसवला, बोल्ट हाताने लावले, आणि गाडी जॅकवर असताना शेवटचं टाईट करायला त्यांचा पोरगा पाना लावणार तेवढ्यात काका ओरडले, "थांब रे! आधी खाली घे." गाडी चाकांवर उभी केली, पुढून दोनचार वेळा दाबून बसवली, आणि मग गाडी खड्ड्यावर घेऊन खालून बोल्ट आवळले. कारण या बुशचं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं, ते फिरत नाही, पिळलं जातं. चाक हवेत लोंबकळत असताना बोल्ट आवळला तर ती लोंबकळलेली स्थिती रबराला "नॉर्मल" वाटते, आणि गाडी खाली आली की बुश कायमचा पिळलेल्या अवस्थेत राहतो. मग सहा महिन्यात फाटतो आणि आपण पार्ट डुप्लिकेट निघाला म्हणून दुकानदाराला शिव्या घालतो. एक्स्प्रेस सर्व्हिसवाल्या कितीतरी ठिकाणी लिफ्टवरच सगळं आवळून गाडी हातात देतात.

पॉलियुरेथेनचे बुशही मिळतात, रबरापेक्षा कडक. स्टिअरिंग खरंच धारदार होतं त्याने, पण रस्त्याचा प्रत्येक खडा केबिनमध्ये ऐकू येतो आणि नीट ग्रीस नसेल तर चूंचूं आवाज चालू होतो. रोजच्या गाडीला मी घालणार नाही. ज्याला घालायचेत त्याने घालावेत, गाडी ज्याची त्याची.

आता शॉकअप. आपल्याकडे "शॉकअप गेले" म्हणजे तेल गळायला लागलं अशी समजूत आहे. गळणं ही शेवटची पायरी झाली. त्याच्या बऱ्याच आधी आतले व्हॉल्व्ह आणि सील ढिले पडतात आणि दर हजार किलोमीटरला थोडं थोडं बळ कमी होत जातं, इतकं हळू की रोज चालवणाऱ्याला कळतच नाही. कोपऱ्यावर बॉनेट दाबून सोडलं आणि गाडी वर येऊन बसली तर ठीक, अजून एक हेलकावा खाल्ला तर शॉकअप म्हातारे झालेत. ही टेस्ट ढोबळ आहे, यात पास झालेला शॉकअपसुद्धा घाटात नापास होऊ शकतो. टायरवरून तळहात फिरवून बघा, नक्षीत ठरावीक अंतरावर उंचवटे खळगे लागत असतील तर चाक रस्त्यावर नीट टेकून चालत नाहीये, उड्या मारतंय.

शॉकअप हा शब्दच थोडा फसवा आहे खरंतर. धक्का खातो स्प्रिंग. शॉकअपचं काम स्प्रिंगने खाल्लेला धक्का परत फेकू नये हे बघायचं, आतलं तेल बारीक छिद्रांतून ढकलून ती ताकद उष्णतेत घालवायची. दाबताना लागणारा जोर वेगळा आणि परत सुटताना लागणारा वेगळा, सुटतानाचा बहुतेक वेळा जास्त ठेवलेला असतो. वळणात गाडी किती झुकणार हे शेवटी स्प्रिंग आणि बार ठरवतात, पण किती पटकन झुकणार आणि झुकून एका जागी थांबणार की डुचमळत राहणार, हे शॉकअप ठरवतो. आणि आपल्या घाटात वळणं लांबलचक एकसंध नसतात, स्टिअरिंग घातलं, खड्डा आला, परत उलटं घातलं, समोरून एसटी आली, परत सरळ. गाडी एका स्थितीत स्थिर होईपर्यंत पुढचं वळण आलेलं असतं. म्हणून मी म्हणतो की आपल्या रस्त्यांवर पैसे खर्च करायची सगळ्यात योग्य जागा म्हणजे चार चांगले शॉकअप, मूळ उंचीच्या मूळ स्प्रिंगसोबत.

लांबच्या घाटात अजून एक गोष्ट होते. सतत काम करून तेल तापतं, त्यात हवेचे बुडबुडे होतात, फेसाळलेलं तेल छिद्रातून सहज निसटतं आणि शॉकअप तात्पुरता मेल्यासारखा वागतो. गॅसवाल्या शॉकअपमध्ये नायट्रोजन दाबाखाली भरलेला असतो तो ह्यासाठी, तेलाचा फेस होऊ नये म्हणून. "गॅस म्हणजे कडक" ही समजूत त्यामुळेच अर्धवट आहे. दोन नळ्यांच्या साध्या रचनेत गॅसचा दाब कमी असतो, एका नळीच्या मोनोट्यूबमध्ये बराच जास्त, तो उष्णता बाहेर टाकायलाही बरा, पण महाग आणि नळीला बाहेरून दगडाचा पोचा आला तर आतला पिस्टन अडकू शकतो. रोजच्या वापराला आणि पिकनिकला चांगला कंपनीचा दोन नळ्यांचा गॅस शॉकअप पुरे. आपल्याकडे गेब्रियल, मोनरो सगळीकडे मिळतात, कायाबा शोधलं तर मिळतं, बिलस्टीन किंवा कोनीला इम्पोर्टचा खर्च आणि वाट बघायची तयारी लागते. चारही बदलायचे, निदान अ‍ॅक्सलचे दोन एकदम. एकच बदलणाऱ्याला काय म्हणावं. आणि त्यासोबत वरचं माउंटिंग, बेअरिंग, आतला जंपिंग रबर (सस्पेन्शन पूर्ण दाबलं की ज्यावर टेकतं तो) आणि धुळीचं कव्हर पण नवीन टाका, स्ट्रट खोललाच आहे तर. बाराचौदाशे वाचवायला जुनं माउंटिंग परत घातलं की तीच मजुरी सहा महिन्यांनी पुन्हा भरायची.

घरी करणाऱ्यांसाठी, स्प्रिंग कंप्रेसर भाड्याने आणून यूट्यूब बघून स्ट्रट खोलू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जबडा फोडते.

स्प्रिंगबद्दल आता. सगळ्यात वाईट आयडिया आधी, ग्राइंडरने स्प्रिंगची कडी कापणं. त्याने गाडी खाली बसते, स्प्रिंग कडकही होते कारण वेटोळे कमी झाले की स्प्रिंगचा कडकपणा वाढतो, त्यामुळे करणाऱ्याला वाटतं दोन्ही कामं फुकटात झाली. पण कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक खड्ड्यात लोंबकळलं की स्प्रिंग जागेवरून निसटू शकते. दुसरी, आपली लाडकी, अ‍ॅक्सेसरीच्या दुकानातले रबरी बफर. दोन वेटोळ्यांच्या मधे जाड रबर ठोकायचं, गाडी इंचभर उचलते, "हँडलिंग पण सुधारतं साहेब". होतं काय तर ज्या वेटोळ्यांत रबर आहे ते काम करायचं थांबतात, उरलेल्या वेटोळ्यांवर सगळा भार येतो, स्प्रिंग कडक होते पण शॉकअप जुन्याच स्प्रिंगच्या हिशोबाचा राहतो, त्याला ही नवीन उसळी आवरत नाही. सपाट रस्त्यावर झोका कमी वाटतो, दुकानासमोरच्या ट्रायलमध्ये गिऱ्हाईक खूष. ताम्हिणीतल्या तुटक्या वळणात तेच चाक खड्ड्यावरून उडतं आणि उडालेल्या चाकाला ग्रिप शून्य. पाच माणसं आणि सामान घेऊन खालून घासतेय म्हणून बफर टाकलेत असं कोणी म्हणालं तर मी समजू शकतो, पण वळणासाठी? नाही.

नीट बनवलेल्या लोअरिंग स्प्रिंग वेगळ्या, आयबाक, एच अँड आर वगैरे कंपन्यांच्या. पण त्यातही एक गंमत आहे जी फार लोक सांगत नाहीत. मॅकफर्सन गाडी खाली घेतली की गुरुत्वमध्य समजा ३ सेंटिमीटर खाली आला, पण ज्या काल्पनिक बिंदूभोवती बॉडी झुकते तो रोल सेंटर त्याहून जास्त खाली जातो, कारण लोअर आर्मचा चाकाकडचा शेवट वर चढतो. दोघांतलं अंतर उलट वाढतं आणि गाडीला झुकवणारा जोर जास्त भुजेने लागतो. म्हणजे नुसती खाली घेतलेली गाडी, स्प्रिंग तेवढीच राहिली असती तर, जास्त झुकली असती. लोअरिंग स्प्रिंग कडक असतात त्याचं एक कारण हे. आणि खाली येण्यात सस्पेन्शनचा प्रवास कमी होतो तो वेगळाच, आधीच जंपिंग रबरवर टेकायला आलेली गाडी वळणात खड्डा आला की टेकतेच, आणि टेकल्या क्षणी त्या कोपऱ्याचा कडकपणा एकदम कैकपट होतो, चाक सटकतं.

शिवाय स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला पाहिजे, म्हणजे गाडी त्यावर आरामात चढून उतरली पाहिजे. तुमच्या गल्लीतला मोजून बघा एकदा. माझ्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स कागदावर १७० मिलिमीटर, गाडी खाली घेतली म्हणून त्यातून ३५ काढले, मग घरचे सगळे आणि डिकीत बॅगा, उरलं काय? रॅलीच्या गाड्या बघा, नाशिकला व्हायची ती मातीवरची रॅली ज्यांनी पाहिली असेल त्यांना आठवेल, त्या गाड्या उंच असतात, चाकं भरपूर खालीवर होतात, आणि सगळा पैसा शॉकअपमध्ये घातलेला असतो. आपले जिल्हा मार्ग रेसट्रॅकपेक्षा त्या मातीच्या जास्त जवळचे आहेत.

कॉइलओव्हरबद्दल लिहायला मला फार काही नाही. उंची आणि जोर दोन्ही बदलता येतं, साठ सत्तर हजारांपासून लाखाच्या पुढे जातात, ज्याला ट्रॅकडे (रेसट्रॅकवर गाडी पळवायचे दिवस) करायचेत त्याने जरूर घ्यावेत. स्वस्तातले घेऊन नळीवरचे आटे पावसाळ्याच्या चिखलाने गंजून घट्ट झालेले मी पाहिलेत, मग ती अ‍ॅडजस्ट होणारी गोष्ट अ‍ॅडजस्ट होत नाही.

बार. पुढचा स्ट्रट बार, दोन्ही स्ट्रटच्या वरचे टॉवर जोडणारा, स्विफ्टसारख्या छोट्या घट्ट गाडीत रस्त्याच्या वेगाला फरक जाणवणं कठीण आहे, दिसायला छान दिसतो, बस. मागचा जाड अँटी रोल बार मात्र खरंच काम करतो. टॉर्शन बीम स्वतःच पिळला जाऊन अँटी रोल बारचं काम करत असतो, त्याला अल्ट्रा रेसिंगसारख्या कंपनीचा जास्तीचा बार जोडला की मागची बाजू कडक होते, वाटणी मागे सरकते, अंडरस्टिअर कमी होतो आणि गाडी वळणात नाक आत घालते. कोरड्यात मजा येते यात वाद नाही. पण हाच बार, मागे घासलेले टायर, आषाढातला पाऊस, आणि वळणाच्या मधे दचकून सोडलेली रेस, हे चारही एकत्र आले की मागची बाजू फिरते. आणि घाट तुमच्या एकट्याच्या मजेसाठी नसतो, समोरून दुधाचा टेम्पो येत असतो. म्हणून मी टाकला नाही.

त्यावरून आठवलं, दोनच नवीन टायर घ्यायची वेळ आली तर ते मागे टाका. पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी आहे म्हणून सगळे पुढे टाकतात, टायरवालाही तेच सांगतो. पण ओल्या वळणात पुढची ग्रिप गेली तर गाडी सरळ जाते आणि तुम्हाला कळतं, मागची गेली तर कळेपर्यंत गाडी आडवी.

टायरच्या साइजबद्दल ग्रुपवर अखंड वाद चालतात. माझ्या व्हीएक्सआयला मूळ १६५/८० आर १४ होते, वरच्या झेडएक्सआय मॉडेलला कंपनीनेच १८५/६५ आर १५ दिले. पहिल्याचा पूर्ण व्यास ६१९.६ मिलिमीटर येतो, दुसऱ्याचा ६२१.५, म्हणजे स्पीडोमीटरला फरकच नाही, आणि मधली भिंत १३२ वरून १२० मिलिमीटरवर येते, त्यामुळे वळणात टायर कमी मुरडतो. ज्यांना रिम बदलायच्या नाहीत त्यांना १४ इंचावरच १८५/७० चालतात, व्यास ६१४.६. मी १५ वर गेलो. हा एकच बदल बसल्या बसल्या कळला, वळणात शिरताना पूर्वी स्टिअरिंग घातल्यावर टायर आधी वाकायचा आणि मग गाडी वळायची, ती मधली पोकळी गेली. १७ इंची वजनदार अलॉय टाकणाऱ्यांनी मात्र एकदा रिम हातात उचलून बघावी. चाक जड झालं की शॉकअपला ते रस्त्यावर दाबून ठेवायला जास्त कष्ट पडतात, मग वर लिहिलेलं सगळं पाण्यात. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा सात वर्षांचा टायर नक्षी भरपूर असली तरी रबर टणक झालेला असतो. हवा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, सकाळी गार असताना. पंपावरचा पोरगा विचारतो "पस्तीस टाकू?" त्याला नाही म्हणायला शिका.

हे सगळं झाल्यावर अलाइनमेंट, आणि ती केल्याशिवाय गाडी पळवू नका, कारण स्ट्रट खाली ज्या दोन बोल्टने जोडलेला असतो त्यांच्या छिद्रांत किंचित जागा असते, खोलून परत बसवताना कॅम्बर (चाकाचा आत किंवा बाहेर कल) हमखास हलतो. आधी अलाइनमेंट करून मग आर्म बदलणारेही भेटलेत मला. स्विफ्टमध्ये पुढचा टो सोडून फारसं काही अ‍ॅडजस्ट होत नाही, मागच्या बीमचं तर काहीच नाही, म्हणून अलाइनमेंटच्या मशीनच्या प्रिंटवर मागचं चाक लाल दिसलं तर "ते तसंच असतं साहेब" ऐकून घेऊ नका, बीमला मार लागलेला असू शकतो किंवा त्याचे बुश बसलेले असू शकतात. प्रिंट मागून घ्या. काका काय करतात तर स्ट्रटचे ते दोन बोल्ट आवळताना चाकाचा वरचा भाग हाताने आत ढकलून धरतात, जेवढी जागा असेल तेवढा कॅम्बर दोन्हीकडे आतल्या बाजूला मिळतो. अंशाचाही काही भागच मिळतो, पण बाहेरच्या कडेची झीज कमी होते आणि पैसे शून्य.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल आहे, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल चालणार नाही. मूळ प्रकारचे शॉकअप, बुश, कंपनीनेच वरच्या मॉडेलला दिलेला टायर यात सहसा कोणी अडवत नाही, कॉइलओव्हर आणि खाली घेतलेल्या गाडीचं तसं नाही. इन्शुरन्सवाल्याला लेखी कळवून ठेवा, क्लेमच्या वेळी सर्व्हेअर गाडीखाली वाकून बघतो.

खर्चाचं म्हणाल तर चार शॉकअप दहा हजारांच्या आसपास, आर्म, लिंक रॉड, माउंटिंग मिळून जवळपास तेवढेच, मजुरी वेगळी, आणि टायर सगळ्यात महाग. तरी कॉइलओव्हरच्या एका सेटपेक्षा कमी. गाडी अजूनही झुकते, फोटोत बघितलं तर पूर्वीइतकीच झुकलेली दिसेल. पण झुकते आणि तिथेच थांबते, ताम्हिणीच्या वाटेवर माले गावापुढच्या तुटक्या पट्ट्यात चाक खड्ड्यातून निघालं की लगेच रस्ता पकडतं, आणि मागच्या सीटवरून आई "हळू चालव रे" म्हणायची ते कमी झालंय, तिच्या मते मी सुधारलोय.

मागच्या बीमचे बुश तेवढे राहिलेत. ते काढायला अख्खा बीम उतरवून प्रेसवर न्यायला लागतो, ब्रेकच्या लाइनी सोडायला लागतात, हँडब्रेकच्या केबल पण. काका म्हणाले पाऊस उघडल्यावर आणा, दोन दिवस गाडी ठेवावी लागेल. कोणी स्विफ्टचे बुश बीम न उतरवता बदलून घेतले असतील तर खाली लिहा, कोणत्या गॅरेजमध्ये आणि मजुरी किती घेतली तेही सांगा.